‘इन्फेक्शन झालंय’ म्हणजे नेमकं कुणाचं?

ताप आला, जुलाब लागले, जखम चिघळली की घरोघरी एकच शब्द ऐकू येतो : इन्फेक्शन. पण ते काही आजाराचं नाव नव्हे. जंतू कोणत्या गटातला, तो कोणत्या वाटेनं शिरला आणि आत जाऊन काय करतो, हे कळल्याशिवाय तपासणीही ठरत नाही आणि औषधही. या विषयावर आलेल्या पत्रांतली निवडक पत्रं आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न : जिवाणू, विषाणू, बुरशी, परजीवी हे वर्गीकरण आम्ही परीक्षेपुरतं पाठ करतो. वॉर्डात काम करताना त्याचा उपयोग काय? (नर्सिंगची विद्यार्थिनी, लातूर)

वर्गीकरणाचा उपयोग औषधाच्या चिठ्ठीत दिसतो. जंतूकडे काय आहे जे आपल्या पेशीत नाही, हे वर्गीकरणातून कळतं आणि औषधाचा नेम तिथेच धरलेला असतो.

जिवाणूभोवती पेशीभित्तिका असते, आपल्या पेशीला ती नसते. पेनिसिलिन ही भित्तिका बांधू देत नाही, म्हणून जिवाणू फुटतो आणि आपल्या पेशी सुखरूप राहतात. मायकोप्लाझ्मा हा जिवाणूच, पण त्याला भित्तिकाच नाही. त्यामुळे त्याच्या न्यूमोनियात पेनिसिलिन कितीही द्या, काही होत नाही. विषाणूला भित्तिका नाही, स्वतःचं चयापचय नाही. तो आपल्याच पेशीत शिरून तिच्याकडून स्वतःच्या प्रती काढून घेतो. डेंग्यूत किंवा साध्या सर्दीत अँटिबायोटिक निरुपयोगी ठरतं ते यामुळे. ‘व्हायरल आहे, पण एक कोर्स घेऊन टाकू’ हा विचार म्हणूनच चुकीचा. त्यात मरतात ते आतड्यातले उपयोगी जिवाणू, आणि उरतात ते औषधाला दाद न देणारे.

बुरशीची पेशी आपल्या पेशीच्या बरीच जवळची. फरक असा, की आपल्या पेशीच्या पटलात कोलेस्टेरॉल असतं, बुरशीच्या पटलात एर्गोस्टेरॉल. बहुतेक बुरशीनाशकं याच एका फरकावर उभी आहेत. हिवतापाचा किंवा आमांशाचा एकपेशीय परजीवीही आपल्यासारखाच केंद्रक असलेला, म्हणून त्यावरची औषधं मोजकी आणि जपून द्यायची. हिवतापावरचं प्रायमाक्विन देण्याआधी जी६पीडी तपासतात, कारण हे एन्झाइम कमी असेल तर त्या औषधानं रक्तपेशी फुटतात. जंत हे तर बहुपेशीय प्राणीच. पूर्ण वाढलेले डोळ्यांना दिसतात, अंडी मात्र सूक्ष्मदर्शकाखालीच.

आकाराचा अंदाज मनात बसवायचा असेल तर तांबडी रक्तपेशी नऊ इंची भाकरीएवढी झाली असं समजा. गळवातला स्टॅफिलोकोकस मग सुपारीएवढा होईल, क्षयाचा जिवाणू गवारीच्या शेंगेएवढा, आमांशाचा अमिबा मोठ्या परातीएवढा. आणि डेंग्यूचा विषाणू? मोहरीचा दाणा. साध्या सूक्ष्मदर्शकातून विषाणू का दिसत नाही, हे वेगळं सांगायला नको.

प्रश्न : ग्रॅम स्टेन (जिवाणू रंगवून ओळखण्याची पद्धत) करताना माझ्या स्लाइडवर सगळे जिवाणू गुलाबीच दिसतात. पुवातले स्टॅफिलोकोकसही गुलाबी! रंग जुने असतील का? (डीएमएलटी विद्यार्थी, कोल्हापूर)

रंगांवर संशय नंतर घ्या. दहातल्या नऊ वेळा चूक ॲसिटोनच्या पायरीत असते.

हान्स क्रिस्टियन ग्रॅम यांनी 1884 मध्ये ही पद्धत मांडली आणि आजही जिवाणूंची पहिली वाटणी तिच्यावरच होते. क्रिस्टल व्हायोलेट हा जांभळा रंग सगळ्याच जिवाणूंत शिरतो. वरून आयोडीन घातलं की दोन्ही मिळून पेशीत मोठे कण बनतात. मग ॲसिटोन किंवा अल्कोहोल. ग्रॅम पॉझिटिव्ह जिवाणूची भित्तिका जाड असते. ती आक्रसते आणि जांभळा रंग आत कोंडते. ग्रॅम निगेटिव्हची भित्तिका पातळ आणि तिच्याबाहेर मेदाचं आणखी एक पटल. ते पटल विरघळतं आणि रंग वाहून जातो. गोधडीत मुरलेला रंग एका फेरीत निघत नाही, मलमलीतला निघतो, तसं. शेवटी सॅफ्रॅनिन घातलं की रंग गेलेले जिवाणू गुलाबी दिसतात.

आता वेळा. क्रिस्टल व्हायोलेट 1 मिनिट, धुवा. आयोडीन 1 मिनिट, धुवा. शुद्ध ॲसिटोन वापरत असाल तर फक्त 2 ते 3 सेकंद. 95 टक्के अल्कोहोल असेल तर 10 ते 20 सेकंद. स्लाइड तिरकी धरून थेंब थेंब सोडा आणि खाली ओघळणारं पाणी रंगहीन झालं की त्याच क्षणी नळाखाली धरा. सॅफ्रॅनिन 30 ते 60 सेकंद. ॲसिटोन घालून घड्याळाकडे बघत बसलात तर जाड भित्तिकेतलाही रंग निघून जातो. तुमचं बहुधा हेच होतंय.

ॲसिटोन बरोबर असूनही गुलाबीच आलं, तर पुढच्या शक्यता बघा. आयोडीन विसरलं का? स्मिअर, म्हणजे स्लाइडवर पसरलेला नमुन्याचा थर, ज्वाळेवर जास्त भाजला का? दोन-तीनदा फिरवून स्लाइडची मागची बाजू हाताच्या पाठीला सोसेल एवढीच गरम हवी. कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेले जिवाणू, शिळं आहे का? 18 ते 24 तासांचं घ्या. जुन्या कल्चरमधल्या मरत्या जिवाणूंच्या भित्तिका गळतात आणि पॉझिटिव्हही निगेटिव्ह दिसू लागतात. रुग्णाला आधीच अँटिबायोटिक सुरू असेल तरी तसंच होतं. उलट, स्मिअर जाड असेल तर रंग निघतच नाही आणि सगळंच जांभळं दिसतं. वाळलेल्या स्मिअरमधून खालच्या वर्तमानपत्राची अक्षरं वाचता आली पाहिजेत.

पुवाच्या स्लाइडवर पडताळा तयारच असतो. पूपेशींचे केंद्रक पाहा, ते गुलाबी हवेत. जांभळे असतील तर रंग पुरेसा काढला गेलेला नाही. शिवाय दररोज एका स्लाइडवर माहितीतला स्टॅफिलोकोकस (ग्रॅम पॉझिटिव्ह) आणि ई. कोलाय (ग्रॅम निगेटिव्ह) शेजारी शेजारी लावून रंगवा. एक जांभळा, एक गुलाबी आला नाही तर त्या दिवशीचे रिपोर्ट सोडू नका.

प्रश्न : रात्रीच्या उरलेल्या भाताला सकाळी फोडणी दिली. चांगला वाफाळता होता. तरी दोन तासांत मुलांना उलट्या सुरू झाल्या. गरम केल्यावर जंतू मरत नाहीत का? (गृहिणी, चिपळूण)

जंतू मरतात, त्यांनी आधीच करून ठेवलेलं विष मरत नाही. तुम्ही सांगितलेली वेळ आणि पदार्थ पाहता बॅसिलस सीरियस या जिवाणूचा संशय पहिला येतो.

हा जिवाणू शेतातल्या मातीतून तांदळावर येतो तो बीजाणूच्या रूपात, म्हणजे टणक कवचात झोपलेला. भात शिजताना तो मरत नाही. भात कोमट होत आला की बीजाणू जागा होतो, वाढू लागतो आणि सेरेयुलाइड नावाचं विष सोडतो. हे विष 121 अंशांवर दीड तास ठेवलं तरी टिकतं, कढईतल्या फोडणीचं तिथे काय चालणार! खाल्ल्यावर अर्ध्या ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. हातावर गळू असलेल्या माणसानं खवा किंवा बासुंदी हाताळली तर स्टॅफिलोकोकसचं विषही याच वेगानं बाधतं आणि तेही तापवून जात नाही. याउलट जे जिवाणू आतड्यात जाऊन वाढतात, त्यांना आजार करायला वेळ लागतो, बऱ्याचदा आठ-बारा तासांहून जास्त. म्हणून डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात तो ‘काय खाल्लं’ याबरोबरच ‘किती वाजता खाल्लं’ हा.

पातेल्यात झाकून ठेवलेल्या भाताचा मधला भाग रात्रभर कोमट राहतो, आणि नेमकं तेच जिवाणूला हवं असतं. उरलेला भात परातीत पातळ पसरा, वाफ गेली की तासाभरात उथळ डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. फ्रीज नसेल तर बेतानं शिजवणं हाच उपाय. अशा उलट्यांना अँटिबायोटिक लागत नाही. ओआरएस घोट घोट देत राहा. पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात ते पूर्ण विरघळवा. मूल सुस्त झालं, सहा तास लघवी झाली नाही किंवा उलटीत काहीच टिकत नसेल तर दवाखाना गाठा.

प्रश्न : सॅनिटायझर असताना साबण कशाला? (वाचक, ठाणे)

करोना, फ्लू यांच्या विषाणूंवर मेदाचं वेष्टन असतं. ते अल्कोहोलनं आणि साबणानंही विरघळतं. पण जुलाबाचा नोरोव्हायरस, काविळीचा हिपॅटायटिस ए यांना असं वेष्टनच नाही. अल्कोहोल त्यांच्यावर कमजोर पडतं. अमिबाचे कोष आणि जिवाणूंचे बीजाणू तर त्याला जुमानतच नाहीत. शौचानंतर आणि स्वयंपाकाआधी साबण आणि वाहतं पाणीच हवं, कारण तिथे जंतू मरो न मरो, हातावरून वाहून जातो.

प्रश्न : आमच्या गावात विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकतो, तरी पावसाळ्यात जुलाबाची साथ येते. पावडर कमी पडते की कुचकामी आहे? (ग्रामपंचायत सदस्य, जि. यवतमाळ)

दोन्ही शक्य आहे, आणि दोन्ही तपासता येतं.

आधी मात्रा. चांगल्या पावडरीत सुमारे 33 टक्के क्लोरीन असतं आणि 1000 लिटर पाण्याला ती साधारण 2.5 ग्रॅम लागते. गोल विहिरीतलं पाणी काढायचं सूत्र असं : व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली गुणिले 3.14, भागिले 4 म्हणजे घनमीटर. त्याला 1000 ने गुणलं की लिटर. व्यास 4 मीटर आणि पाणी 3 मीटर असेल तर सुमारे 37,700 लिटर होतात. पावडर लागेल 94 ग्रॅम. पण हा हिशोब निवळ पाण्याचा. पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यात माती आणि पालापाचोळाच क्लोरीन खाऊन टाकतो. अशा वेळी हॉरॉक्स उपकरणावर त्या पाण्याची गरज मोजून मात्रा ठरवायची. आरोग्यसेवकाकडून ते करून घ्या.

पावडर वरून विहिरीत भिरकावू नका. तिच्यातला चुना तळाशी बसतो आणि क्लोरीन नीट मिसळत नाही. बादलीत थोड्या पाण्यात ती लापशीसारखी कालवा, एका बादलीत 100 ग्रॅमपेक्षा जास्त नको. मग बादली पाऊण भरेल इतकं पाणी घालून ढवळा, 5 ते 10 मिनिटं निवळू द्या. वरचं पाणी दुसऱ्या बादलीत काढून ती बादली दोरानं विहिरीच्या पाण्याखाली सोडा आणि वर-खाली, आजूबाजूला हलवा. खालचा चुना विहिरीत टाकायचा नाही. यानंतर किमान 1 तास कुणी पाणी शेंदायचं नाही, म्हणून हे काम रात्री केलेलं बरं.

तासानंतर ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलं आहे का ते रंगावरून पाहायचं. पिवळा रंग 10 सेकंदांत वाचायचा. तो मोकळ्या क्लोरीनचा असतो. उशिरा वाढलेला पिवळेपणा धरून ‘क्लोरीन आहे’ असं लिहिणं ही सर्रास होणारी चूक. लिटरला 0.5 मिलिग्रॅमपेक्षा कमी दिसलं तर पुन्हा मात्रा द्या. तोंड उघडं टाकलेल्या पोत्यातली पावडर ओल, ऊन आणि हवेनं काही आठवड्यांत मरते. पांढरी दिसते, वासही थोडा येतो, पण जोर गेलेला असतो. घट्ट झाकणाच्या डब्यात, कोरड्या अंधाऱ्या जागी ठेवा आणि साठा जुना करू नका.

एक गोष्ट जुलाबाच्या रूपावरूनही कळते. तांदळाच्या धुवणासारखे, घागर ओतावी तसे, पोटात मुरडा नसलेले जुलाब म्हणजे पटकीचा संशय. पटकीचा जिवाणू आतड्याच्या अस्तरात घुसत नाही; चिकटून बसतो आणि विष सोडतो. ते पेशींना क्षार बाहेर टाकायला लावतं आणि क्षारामागून पाणी जातं. हे विष संशोधक शंभुनाथ डे यांनी कोलकात्यात सशाच्या आतड्यावरच्या प्रयोगातून 1959 मध्ये दाखवून दिलं. रक्त-शेम आणि मुरडा असेल तर शिगेलासारखा अस्तरात घुसणारा जंतू. पटकी व्हायला पोटात लाखो-कोट्यवधी जिवाणू जावे लागतात, कारण जठरातलं आम्ल त्यातले बहुतेक मारतं. शिगेलाचे मात्र 10 ते 100 पुरतात. तेवढे तर न धुतलेल्या हातावरूनही जातात. विहीर निर्दोष असूनही घरात एकापाठोपाठ एक आजारी पडतात ते त्यामुळे.

आणि जियार्डिया, क्रिप्टोस्पोरिडियम या जुलाब करणाऱ्या परजीवींचे कोष क्लोरीनला चिवट असतात. साथीच्या दिवसांत पाण्याला खळखळून उकळी येऊ द्या आणि ती मिनिटभर टिकू द्या. यातून हे कोषही सुटत नाहीत.

प्रश्न : भातलावणीनंतर ताप आला. दुसऱ्या दिवशी लेप्टोची तपासणी केली, निगेटिव्ह आली. मग लेप्टो नाही असं समजायचं का? (शेतकरी, जि. सिंधुदुर्ग)

नाही. दुसऱ्या दिवशीचा निगेटिव्ह रिपोर्ट लेप्टोला, म्हणजे लेप्टोस्पायरा जिवाणूच्या तापाला, बाद करत नाही.

बहुतेक ठिकाणी होणारी तपासणी आयजीएम प्रतिपिंडांची असते. ती जंतू शोधत नाही, जंतूविरुद्ध शरीरानं केलेली तयारी शोधते. ती तयारी रक्तात दिसायला पाच-सात दिवस लागतात. पहिल्या आठवड्यात जंतू स्वतः रक्तात असतो, तेव्हा जंतूचाच जनुकीय अंश शोधणारी पीसीआर तपासणी उपयोगी. दुसऱ्या आठवड्यापासून तो मूत्रपिंडात मुक्काम करतो आणि लघवीत उतरतो. डेंग्यूची एनएस१ तपासणी पहिल्या दिवसापासून उपयोगी पडते, कारण ती विषाणूचंच प्रथिन पकडते. दोन्ही तपासण्यांची गल्लत करू नका.

लेप्टोस्पायरा हा पिळदार, जेमतेम 0.1 मायक्रॉन जाडीचा जिवाणू. वरच्या भाकरीच्या मापात वीतभराहून लांब अशी बारीक सुतळी. ग्रॅम स्टेनमध्ये तो दिसत नाही. उंदीर, गुरं, कुत्री यांच्या लघवीतून तो चिखलात येतो आणि पायाच्या भेगा, चिरा, तासन्‌तास भिजून मऊ पडलेली कातडी, डोळे यांतून शिरतो. पोटऱ्या दाबल्यावर असह्य दुखणं आणि पू नसलेले लालभडक डोळे ही त्याची खूण. डोळे पिवळे दिसू लागले किंवा लघवी कमी झाली तर यकृत-मूत्रपिंडावर घाला आला आहे, तासभरही थांबू नका. ‘चिखलात उतरलो होतो’ हे वाक्य डॉक्टरांना आवर्जून सांगा. त्यावरून ते रिपोर्टची वाट न पाहता उपचार सुरू करू शकतात, आणि या आजारात तेच जीव वाचवतं.

गमबूट घाला, जखमेवर पाणी न झिरपणारी पट्टी लावा. लावणीच्या हंगामात आठवड्याला एकदा 200 मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिन देतात, पण ते आरोग्य केंद्रातून विचारूनच. गरोदर बाई आणि आठ वर्षांखालच्या मुलांना हे औषध चालत नाही.

प्रश्न : खिळा गंजलेला नव्हता, तरी धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचं? (वाचक, नाशिक)

गंजाचा धनुर्वाताशी संबंध नाही. बीजाणू असतात मातीत आणि शेणात, आणि त्यांना वाढायला हवा नसलेली जागा लागते. खोल, अरुंद जखम म्हणजे नेमकी तशी जागा. तिथे बनणारं विष नसांतून मज्जारज्जूकडे चढतं आणि स्नायू सैल करणारे संदेश अडवतं. म्हणून जबडा मिटतो, पाठ धनुष्यासारखी ताणते. नसांना चिकटलेलं विष औषधानं सोडवता येत नाही. सगळी भिस्त लसीवर. पूर्ण लसीकरण झालं असेल तर स्वच्छ, लहान जखमेला शेवटचा डोस 10 वर्षांच्या आतला चालतो. खोल किंवा मळलेल्या जखमेला 5 वर्षांच्या आतला हवा. जखम साबण-पाण्यानं भरपूर धुवा. शेण, माती, राख यांतलं काहीही लावू नका.

प्रश्न : गजकर्णाला मेडिकलमधून आणलेलं क्रीम लावलं की चार दिवसांत बरं वाटतं. थांबवलं की दुपटीनं येतं. असं का? (वाचक, सोलापूर)

त्या ट्यूबवर क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन असं काही लिहिलंय का पाहा. ते स्टेरॉइड आहे. खाज आणि लाली म्हणजे बुरशीविरुद्ध चाललेली तुमच्या शरीराची झुंज. स्टेरॉइड ती झुंज थांबवतं, म्हणून बरं वाटतं. बुरशी मात्र निवांत पसरते. चट्ट्याचं गोल, उठावदार रूपही बिघडतं आणि डॉक्टरांनाही ओळखणं अवघड जातं.

ही बुरशी जगते ती त्वचेच्या वरच्या मेलेल्या थरातल्या केरॅटिनवर. तपासणी सोपी आणि स्वस्त आहे. चट्ट्याच्या वाढत्या कडेवरून ब्लेडनं खवले खरवडून घ्यायचे, कारण बुरशी कडेला असते. मधोमध खरवडलं तर हाती काही लागत नाही. त्यावर 10 टक्के केओएचचा (पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा) थेंब आणि वर कव्हरस्लिपची पातळ काच. 10 ते 20 मिनिटांत पेशी विरघळतात आणि फांद्या फुटलेले बुरशीचे धागे उघडे पडतात. आपल्याकडे आता ट्रायकोफायटॉन इंडोटिनी नावाची बुरशी आढळते आणि तिच्या बऱ्याच वाणांवर टर्बिनाफिन हे नेहमीचं बुरशीनाशक चालत नाही. त्यामुळे शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी तुम्हाला पडेलच असं नाही. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, ट्यूब सोबत न्या.

चट्टा दिसेनासा झाला तरी त्यांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत, सहसा आणखी दोन आठवडे, औषध चालू ठेवा. घरात आणखी कुणाला चट्टे असतील तर उपचार एकदमच सुरू करा. टॉवेल वेगळा, आतले कपडे गरम पाण्यात धुऊन उलटे करून उन्हात वाळवलेले. आणि कमरेला करगोटा असेल तर तो काढून ठेवा. घामानं कायम ओला राहणारा तो दोरा बुरशीला घर देतो, आणि चट्टे बरोबर त्याच रेषेत पुन्हा उगवतात.